वाचकांचे प्रश्न: २०५० साली जगाला किती ऊर्जा लागेल?

जागतिक अर्थव्यवस्थेची वाढ आणि ऊर्जेचा वापर यांच्या दीर्घ पल्ल्याच्या अंदाजांविषयी आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

२०५० साली जगाला रोज किती तेल लागेल याचे दोन आकडे वाचले. एक १२ कोटी पिंपांचा, दुसरा अडीच कोटींच्याही आतला. दोन्ही नामांकित संस्थांचे. खरा कोणता?

पहिला आकडा ओपेक या तेल-उत्पादक देशांच्या संघटनेचा. दुसरा आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या, म्हणजे आयईएच्या, ‘निव्वळ शून्य’ परिदृश्यातला, म्हणजे ठरावीक गृहीतकांवर रेखाटलेल्या भविष्यचित्रातला. तो साधारण २ कोटी ४० लाख पिंपांचा आहे. आज जग रोज १० कोटी पिंपांहून थोडे जास्त तेल वापरते. म्हणजे एकाच्या मते वापर वाढतो आणि दुसऱ्यात तो चौथाईवर येतो.

दोघांनी एकच गणित सोडवून वेगळी उत्तरे काढलेली नाहीत, गणितेच वेगळी आहेत. निव्वळ शून्य परिदृश्यात शेवट आधीच ठरलेला असतो: २०५० मध्ये ऊर्जाक्षेत्राचे निव्वळ उत्सर्जन शून्य. तिथून मागे मागे येत, त्यासाठी दर दशकात काय घडावे लागेल ते काढतात. म्हणून तो आकडा ‘इतके तेल लागेल’ असे सांगत नाही, ‘तिथे पोहोचायचे असेल तर तेल इतक्यावर यावे लागेल’ एवढेच सांगतो. ओपेकचे गणित आजपासून पुढे जाते. लोकसंख्या, उत्पन्न, गाड्या, विमानप्रवास, प्लास्टिकसारखी रसायने वाढत जातील आणि तेलाला पर्याय सावकाश येतील, हे त्याचे गृहीतक. खुद्द आयईएच्या दुसऱ्या एका परिदृश्यात, जिथे सरकारांनी आखलेली धोरणेच धरली आहेत, २०२४ च्या आवृत्तीप्रमाणे २०५० चा वापर नऊ कोटींच्या आसपास राहतो. एकाच संस्थेच्या एकाच अहवालात इतके अंतर पडते, आणि बातमीत परिदृश्याचे नाव गाळले की सगळा घोटाळा होतो.

ओपेक विक्रेत्यांची संघटना आहे आणि आयईए १९७४ मध्ये, तेलसंकटानंतर, तेल खरेदी करणाऱ्या देशांनी उभी केली. हे ठाऊक असलेले बरे. पण तेवढ्यावरून एखादा आकडा खोटा ठरवणे म्हणजे अहवालातले गृहीतकांचे पान न वाचण्याची सबब आहे.

असा अंदाज घरच्या घरी स्प्रेडशीटवर मांडता येईल का? कुठून सुरुवात करावी?

येईल, आणि जरूर मांडा. मोठ्या प्रारूपांत हजारो समीकरणे असतात, पण त्यांच्या उत्तराचा सांगाडा चार गुणकांवर उभा असतो: लोकसंख्या, दरडोई उत्पादन, प्रत्येक डॉलरच्या उत्पादनामागे लागणारी ऊर्जा, आणि ऊर्जेच्या प्रत्येक एककामागे होणारे कार्बन-उत्सर्जन. ही मांडणी योइची काया या जपानी ऊर्जा-अर्थतज्ज्ञाची. तिला काया समीकरण म्हणतात. पहिल्या तिघांचा गुणाकार म्हणजे ऊर्जा, चौघांचा म्हणजे उत्सर्जन.

पायाभूत वर्ष २०२४ घ्या. लोकसंख्या ८२० कोटी. जागतिक उत्पादन बाजारातल्या विनिमयदराने साधारण ११० लाख कोटी डॉलर. प्राथमिक ऊर्जा, म्हणजे वीज वगैरे बनवण्याआधीची मूळ ऊर्जा, ६०० एक्झाज्यूल धरा. एक एक्झाज्यूल म्हणजे एक लाख कोटी मेगाज्यूल. मोजण्याच्या पद्धतीप्रमाणे हा आकडा ५९० ते ६४० असा बदलतो. त्याविषयी पुढे येईलच. ६०० ला ११० ने भागले की डॉलरमागे सुमारे ५.५ मेगाज्यूल मिळतात. हीच ऊर्जा-तीव्रता.

आता २०५० कडे, म्हणजे २६ वर्षे पुढे. संयुक्त राष्ट्रांच्या मध्यम अंदाजानुसार तेव्हा लोकसंख्या ९७० कोटी असेल, गुणक १.१८. दरडोई उत्पन्न वर्षाला १.८ टक्क्यांनी वाढले तर गुणक १.५९. दोन्ही मिळून अर्थव्यवस्था १.८८ पट, म्हणजे सुमारे २०७ लाख कोटी डॉलर. ऊर्जा-तीव्रता वर्षाला १.५ टक्क्यांनी घटली तर गुणक ०.६७५. तेव्हा ६०० गुणिले १.८८ गुणिले ०.६७५, उत्तर ७६२ एक्झाज्यूल.

आता एकच रकाना बदलून पाहा. तीव्रतेतली घट १.५ ऐवजी २.५ टक्के केली की उत्तर ५८४ होते, म्हणजे आजच्यापेक्षाही कमी. ४ टक्के केली की ३९० वर येते. उलट तीव्रता १.५ टक्क्यांवरच ठेवून दरडोई वाढ १.८ वरून १.३ टक्क्यांवर आणली तर ऊर्जा ६७० होते. अर्ध्या टक्क्याने नव्वदेक एक्झाज्यूल हलतात, एका टक्क्याने पावणेदोनशेच्या आसपास. वाढीच्या दरावर तासन्‌तास वाद घालणारे लोक तीव्रतेच्या रकान्यात मात्र काहीतरी ‘नेहमीचे’ भरून मोकळे होतात, ही या क्षेत्रातली जुनी खोड आहे. दोन्ही रकान्यांतल्या एकेका टक्क्याचे वजन जवळपास सारखेच असते.

उत्सर्जनापर्यंत जायचे असेल तर: ऊर्जेशी निगडित कार्बन डायऑक्साइड आज वर्षाला सुमारे ३,८०० कोटी टन आहे, म्हणजे एक्झाज्यूलमागे साधारण ६.३ कोटी टन. ७६२ एक्झाज्यूल याच इंधन-मिश्रणावर भागवायचे म्हटले तर ४,८०० कोटी टन. मिश्रण दरवर्षी १ टक्क्याने स्वच्छ होत गेले तर २६ वर्षांत गुणक ०.७७ होतो आणि उत्तर ३,७०० कोटी टनांवर येते. म्हणजे एवढे करूनही आपण जवळपास आहोत तिथेच.

आता चुका कुठे होतात ते. सर्वांत साधी चूक म्हणजे चक्रवाढीऐवजी सरळ गुणाकार. २६ वर्षे गुणिले १.८ टक्के म्हणजे ४७ टक्के वाढ, असे लिहिले जाते. खरी वाढ ५९ टक्के. दुसरी, पायाभूत वर्ष २०२० घेणे. त्या वर्षी महासाथीमुळे उत्पादन सुमारे ३ टक्क्यांनी आणि ऊर्जावापर सुमारे ४ टक्क्यांनी आपटला होता. खड्ड्यातून मोजायला सुरुवात केली की पुढची चढण उगाचच मोठी दिसते. तिसरी, चालू किमतीतले डॉलर घेणे. ऊर्जेला महागाईमुळे फुगलेल्या उत्पादनाने भागले की तीव्रता झपाट्याने घटल्याचा भास होतो. नेहमी स्थिर किमतीतला आकडा घ्यावा.

चौथी चूक चांगल्या जाणकारांकडूनही होते: चारही रकाने एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असे समजून ते हवे तसे सरकवणे. अर्थव्यवस्था वेगाने वाढते तेव्हा जुनी यंत्रे, जुन्या इमारती लवकर बदलल्या जातात, म्हणून तीव्रताही वेगाने घटू शकते. मंदीत नवी गुंतवणूक थांबते, जुना बॉयलर आणखी दहा वर्षे चालवला जातो. वेगवान वाढीसोबत अगदी संथ सुधारणा धरली की सर्वांत भयावह आकडा निघतो, आणि बातमी नेमकी त्याचीच होते.

शेवटी उलटतपासणी करा. आयईएच्या मोजणीत २००० साली जगाची ऊर्जा सुमारे ४२० एक्झाज्यूल होती, २०२३ मध्ये ६४०. म्हणजे वर्षाला सुमारे १.८ टक्के. तुम्ही भविष्यासाठी वापरता तीच पद्धत २००० मध्ये उभे राहून वापरा आणि ६४० च्या किती जवळ जाता ते पाहा. २० टक्क्यांच्या आत आलात तर पद्धत वापरण्याजोगी.

एक बातमी म्हणते जग ३.२ टक्क्यांनी वाढते, दुसरी म्हणते २.७ टक्क्यांनी. वर्ष तेच. असे कसे?

आंतरराष्ट्रीय नाणेनिधी देशांच्या वाढीची सरासरी काढताना क्रयशक्तीवर, म्हणजे तेवढ्याच पैशात त्या देशात किती वस्तू येतात यावर, आधारित वजने वापरतो, जागतिक बँक मुख्य आकडा बाजारातल्या विनिमयदराने देते. क्रयशक्तीच्या मोजणीत स्वस्ताई असलेल्या, वेगाने वाढणाऱ्या देशांचे वजन वाढते, म्हणून सरासरीही वाढते. दोन्ही बरोबर आहेत.

घात होतो तो मिसळ केल्यावर. क्रयशक्तीच्या मापाने जागतिक उत्पादन बाजारदराच्या साधारण पावणेदोन पट भरते, म्हणून डॉलरमागची ऊर्जाही ५.५ ऐवजी तीनच्या आसपास मेगाज्यूल दिसते. वाढीचा दर नाणेनिधीचा आणि पायाभूत उत्पादन बाजारदराचे, अशी जोडणी केली की २०५० पर्यंत दहा-पंधरा टक्क्यांचा फरक विनाकारण घुसतो. एक माप धरा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा.

आजचा दर पुढे तसाच लांबवणेही चुकीचे. ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेने २०१८ मध्ये मांडलेल्या दीर्घ पल्ल्याच्या चित्रात जागतिक वाढ तेव्हाच्या साडेतीन टक्क्यांवरून २०६० पर्यंत २ टक्क्यांवर उतरते. कारणे दोन: काम करण्याच्या वयातल्या लोकांची संख्या वाढायची थांबते, आणि मागून येऊन पुढच्यांना गाठणाऱ्या देशांची ‘गाठण्याची’ सोय संपत जाते. एखादा देश दहा वर्षे सुसाट वाढला म्हणून पुढची दहाही तसाच वाढेल, याला इतिहासात फारसा आधार नाही. १९८० च्या दशकात जपानविषयी असेच बोलले जात होते.

जगाचा एकूण ऊर्जावापर ५९० आणि ६४० एक्झाज्यूल असा दोन ठिकाणी सापडला. पन्नास एक्झाज्यूल गेले कुठे?

कुठेही गेले नाहीत, हिशेबाच्या वह्या वेगळ्या आहेत. आणि हा तांत्रिक तपशील समजून घेतला नाही तर २०५० चे कोणतेही दोन आकडे शेजारी ठेवण्यात अर्थ नाही.

कोळसा जाळला की उष्णता किती निघाली ते मोजता येते. सौर पॅनेलमधून मात्र थेट वीजच येते. मग तिची ‘प्राथमिक ऊर्जा’ कोणती? एक मत असे की आलेली वीज हीच प्राथमिक ऊर्जा. या हिशेबाने १,००० टेरावॅट-तास सौरवीज म्हणजे ३.६ एक्झाज्यूल (एक टेरावॅट-तास म्हणजे विजेची १०० कोटी युनिट). दुसरे मत असे की तेवढीच वीज औष्णिक केंद्रातून काढायला जितके इंधन लागले असते तितकी ऊर्जा धरावी. केंद्राची कार्यक्षमता ४० टक्के धरली तर हीच वीज ९ एक्झाज्यूल होते. अणुवीज बहुतेक ठिकाणी ३३ टक्के कार्यक्षमतेने मोजतात, त्यामुळे १,००० टेरावॅट-तास अणुवीज जवळपास ११ एक्झाज्यूल भरते. तीच वीज, तेच दिवे. कागदावर मात्र ३.६, ९ किंवा ११.

आणखी एक फरक लाकूडफाटा, शेण्या, पालापाचोळा यांचा. आयईए या पारंपरिक इंधनाची गणना करते. बाजारात विकल्या जाणाऱ्या इंधनांवर आधारलेल्या आकडेवारीत ते वगळलेले असते. चुलीवरून गॅसवर गेलेले कुटुंब पहिल्या वहीत ऊर्जा वाचवते, दुसरीत ती वाढवते. कारण चुलीत लाकडाच्या उष्णतेतला थोडाच भाग भांड्याला लागतो, गॅसवर त्याच्या कितीतरी पट.

याचा भविष्याशी संबंध असा. कोळशाची १,००० टेरावॅट-तास वीज काढायला सुमारे १० एक्झाज्यूल कोळसा लागतो. तिच्या जागी सौरवीज आली की पहिल्या पद्धतीत जगाची प्राथमिक ऊर्जा एका फटक्यात ६ एक्झाज्यूलने घटते, कोणाचाही पंखा न थांबता. गाड्यांचेही तेच: पेट्रोलमधल्या उष्णतेचा पाचवा ते चौथा हिस्सा चाकापर्यंत पोहोचतो, विजेवरच्या गाडीत बॅटरीतल्या ऊर्जेचा बहुतांश भाग पोहोचतो. हीट पंप, म्हणजे बाहेरची उष्णता आत खेचणारे यंत्र, एका एकक विजेवर सुमारे तीन एकक उष्णता घरात आणतो. म्हणून विद्युतीकरण धरणाऱ्या परिदृश्यात ‘ऊर्जावापर घटेल’ असे वाचले की लगेच काटकसरीचे चित्र डोळ्यांसमोर आणू नये. वाया जाणारी उष्णता घटते आहे, मिळणारी सेवा वाढलेलीही असू शकते. आपण शक्यतो अंतिम वापराचा तक्ता पाहावा, म्हणजे ग्राहकाच्या दारात पोहोचलेली ऊर्जा. तिच्यात आज विजेचा वाटा साधारण २० टक्के आहे. हा वाटा २०५० पर्यंत किती धरला आहे, हे एका ओळीत संपूर्ण परिदृश्याचा स्वभाव सांगून जाते.

अर्थव्यवस्था वाढवत नेऊन ऊर्जावापर कमी करता येतो का? की कार्यक्षमता वाढली की वापरही वाढतोच?

काही देशांत करून झाले आहे. अमेरिकेचा प्राथमिक ऊर्जावापर २००० साली जितका होता, जवळपास तितकाच २०२३ मध्ये होता. मधल्या काळात स्थिर किमतीतले उत्पादन सुमारे ६० टक्क्यांनी वाढले. ब्रिटनचा ऊर्जावापर २००५ च्या सुमारास शिखरावर होता आणि तेव्हापासून उतरतो आहे. यातला काही हिस्सा कारखाने इतर देशांत गेल्याचा आहे: पोलाद आयात केले की ते बनवायला लागलेली ऊर्जा निर्यातदाराच्या नावावर पडते. पण सगळे श्रेय किंवा सगळा दोष तिकडे ढकलता येत नाही. दिवे, बॉयलर, इमारतींचे आवरण, इंजिने खरोखर सुधारली आहेत.

जगाच्या पातळीवर मात्र ही गाठ सैल झाली आहे, सुटलेली नाही. तीव्रता वर्षाला १ ते २ टक्क्यांनी घटते, अर्थव्यवस्था ३ च्या आसपास वाढते, आणि उरलेला फरक ऊर्जावापरात दिसतो. डिसेंबर २०२३ मध्ये दुबईच्या हवामान परिषदेत देशांनी सुधारणेचा वेग २०३० पर्यंत दुप्पट, म्हणजे २ वरून ४ टक्क्यांवर नेण्याचे ठरवले. पण २०२३ आणि २०२४ मध्ये प्रत्यक्ष वेग १ टक्क्याच्या आसपास राहिला. वाढ ऊर्जाखाऊ उद्योगांकडे झुकली आणि उष्णतेच्या लाटांनी वातानुकूलनाची मागणी चढवली. वर मांडलेल्या तक्त्यात ४ टक्के घातल्यावर ३९० एक्झाज्यूल निघाले होते. तो रकाना भरताना हे आठवावे.

वापर वाढतोच, हा मुद्दा विल्यम स्टॅनली जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये कोळशाबाबत मांडला होता: वाफेची इंजिने सुधारली तसा कोळसा जास्तच लागू लागला. तत्त्व खरे आहे, प्रमाण मात्र परिस्थितीवर ठरते. जिथे गरज भागलेली आहे तिथे, म्हणजे घरगुती उपकरणे किंवा खासगी गाडी यांच्याबाबत, वाचलेल्या ऊर्जेपैकी साधारण १० ते ३० टक्के जादा वापरात परत जाते. जिथे मागणी दबलेली आहे, जिथे यंत्र स्वस्त झाल्यावर नवे ग्राहकच तयार होतात, तिथे बरेच जास्त. जेव्हन्स यांचा इंग्लंड दुसऱ्या प्रकारचा होता.

एक तळही असतो. लोखंडाच्या खनिजातला प्राणवायू वेगळा करायला टनामागे सुमारे ७ गिगाज्यूल लागणारच, ते रसायनशास्त्राने ठरवले आहे. चांगली झोतभट्टी आणि पुढची प्रक्रिया मिळून आज वीसच्या आसपास घेते. म्हणजे सुधारायला जागा आहे, पण अमर्याद नाही. शंभर वर्षे ४ टक्के घट धरली तर तीव्रता आजच्या २ टक्क्यांच्या खाली जाते. असा तक्ता कोणी दाखवला तर त्या जगात पोलाद, सिमेंट, खत कशावर बनते ते विचारा.

पूर्वीचे अंदाज किती चुकले? आताच्यांवर का विश्वास ठेवावा?

दोन्ही बाजूंनी सणसणीत चुकले आहेत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाला २००० सालापर्यंत देशात १,००० गिगावॅटच्या आसपास अणुवीज क्षमता दिसत होती. प्रत्यक्षात सुमारे १०० गिगावॅट झाली. तेव्हा तिथली विजेची मागणी वर्षाला ७ टक्क्यांनी वाढत होती, म्हणजे दहा वर्षांत दुप्पट, आणि ती रेघ सरळ पुढे ओढली गेली. १९७३ आणि १९७९ च्या तेलझटक्यांनी किमती बदलल्या, मागणी मंदावली. अणुप्रकल्पांचा खर्च आणि बांधकामाचा काळ वाढत गेला.

सौरऊर्जेत उलटे झाले. वर्षामागून वर्षे अधिकृत परिदृश्यांत पॅनेलची वार्षिक भर जवळपास सपाट दाखवली जात होती आणि वास्तव दरवर्षी ती रेघ ओलांडत होते. एकूण उत्पादन दुप्पट झाले की पॅनेलची किंमत साधारण २० टक्क्यांनी उतरते. ही घसरण प्रारूपात घातली नाही, किंवा किमतीला कृत्रिम तळ लावला, की अंदाज मागेच राहणार. आयईए म्हणते की तिचे धोरणाधारित परिदृश्य हे भाकीत नव्हेच. ते खरे, पण वाचणाऱ्या सरकारांनी आणि बँकांनी ते भाकीत म्हणूनच वाचले, हेही खरे.

कारखान्यात हजारोंनी बनणाऱ्या छोट्या वस्तूंच्या किमती अंदाजापेक्षा वेगाने उतरतात. जागेवर एकेक बांधाव्या लागणाऱ्या मोठ्या प्रकल्पांचा खर्च अंदाजापेक्षा वाढतो. आजच्या परिदृश्यात कार्बन पकडणारे संयंत्र, हायड्रोजन, बॅटऱ्या यांचे आकडे पाहताना ही विभागणी हाताशी ठेवा.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे सगळे अंदाज कोलमडतील का?

जागतिक बेरजेत इतक्यात नाही. आयईएच्या २०२५ च्या मोजणीत डेटा सेंटरांनी २०२४ मध्ये सुमारे ४१५ टेरावॅट-तास वीज वापरली, जगाच्या विजेच्या १.५ टक्के. २०३० साठी अंदाज ९४५ चा, म्हणजे तरीही ३ टक्क्यांच्या आत. खरा ताण स्थानिक आहे: एकाच उपकेंद्राच्या परिसरात काहीशे मेगावॅटची मागणी दोन वर्षांत उभी राहते आणि वाहिनी टाकायला त्याहून जास्त वर्षे लागतात. घाबरण्यापूर्वी आणखी एक आकडा. २०१० ते २०१८ दरम्यान डेटा सेंटरांतले गणनकार्य ५५० टक्क्यांनी वाढले, वीज फक्त ६ टक्क्यांनी. तो काळ पुन्हा येईलच असे नाही. सोपी सुधारणा तेव्हा होऊन गेली. तुलनेसाठी वातानुकूलन पाहा: आयईएने २०१८ मध्ये जगातली १६० कोटी यंत्रे २०५० पर्यंत ५६० कोटी होतील असा अंदाज दिला होता. त्याच्यावर चर्चा निम्मीही होत नाही.

अर्थव्यवस्था कायम वाढत राहू शकते का? भौतिकशास्त्राची काही मर्यादा आहे?

ऊर्जावापराच्या वाढीला निश्चित आहे. आज जग सरासरी १९ टेरावॅट वेगाने ऊर्जा वापरते. वर्षाला २.३ टक्के वाढ म्हणजे शंभर वर्षांत दहा पट. चारशे वर्षांत दहा हजार पट: १,९०,००० टेरावॅट. पृथ्वीवर येणारे सगळे सूर्यतेज सुमारे १,७३,००० टेरावॅट आहे. स्रोत कोणताही असो, वापरलेली ऊर्जा शेवटी उष्णता होते आणि ती अवकाशात टाकायला पृथ्वीला तापावेच लागते.

पण हा मुद्दा आजच्या वादात ओढू नये. आजची टाकाऊ उष्णता पृथ्वीच्या क्षेत्रफळावर पसरली तर चौरस मीटरला ०.०४ वॅटही भरत नाही. मानवी कारणांनी झालेला एकूण तापक परिणाम २.७ वॅटच्या घरात आहे. आजची अडचण हरितगृह वायूंची आहे. उत्पादनाच्या वाढीविषयी हे गणित गप्प आहे: डॉलर ज्यूलमध्ये मोजत नाहीत. ऊर्जा स्थिर ठेवून उत्पादन वाढवत गेलो तर अर्थव्यवस्थेतला ऊर्जेचा हिस्सा शून्याकडे सरकतो, आणि जिच्यावाचून काहीच चालत नाही ती गोष्ट कायम जवळपास फुकट मिळत राहील, असे मानावे लागते. आम्हांला ते पटत नाही. पण ही शतकांच्या पल्ल्याची गोष्ट आहे, २०५० ची नाही.

२१०० पर्यंतचे आकडे लोक इतक्या आत्मविश्वासाने कसे देतात?

देणारे बहुधा देत नाहीत, उद्धृत करणारे देतात. हवामान-संशोधनात पाच सामाजिक-आर्थिक मार्ग, म्हणजे जग पुढे कसे बदलेल याची पाच कल्पित चित्रे, वापरतात. त्यांपैकी तिसऱ्यात, देश एकमेकांपासून तुटलेल्या जगात, लोकसंख्या २१०० मध्ये १,२०० कोटींच्या पुढे जाते आणि उत्पन्न रखडते. पाचव्यात लोकसंख्या साडेसातशे कोटींच्या आत राहते आणि उत्पन्न प्रचंड वाढते, तेही जीवाश्म इंधनावर. या मार्गांना मुद्दाम शक्यतेची टक्केवारी जोडलेली नाही. पाचांची सरासरी काढून तिला ‘अपेक्षित भविष्य’ म्हणणे चूक. सर्वाधिक उत्सर्जनाच्या मार्गाला ‘काहीच न केल्यास हेच’ म्हणणेही चूक, कारण त्यात कोळशाची वाढ आज दिसते त्यापेक्षा कितीतरी जास्त धरली आहे.

अनिश्चितता किती, हे मोजण्याचा एक प्रयत्न क्रिस्टेन्सन, गिलिंगहॅम आणि नॉर्डहाउस यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी तज्ज्ञांना विचारलेल्या दरडोई वाढीच्या अंदाजाचा मध्य २१०० पर्यंत वर्षाला सुमारे २.१ टक्के निघाला, प्रमाण विचलन, म्हणजे मध्याच्या दोन्ही बाजूंचा पसारा, सुमारे १.१ टक्के. मध्य आणि त्याच्या एक विचलन खालचा-वरचा दर ९० वर्षांवर लावा: १ टक्क्याने उत्पन्न २.४ पट, २.१ ने साडेसहा पट, ३.२ ने १७ पट. लोकसंख्येत इतका पसारा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या मध्यम अंदाजात ती २०८० च्या दशकात सुमारे १,०३० कोटींवर जाऊन उतरू लागते. शतकाअखेरच्या आकड्यातली बहुतेक धूसरता उत्पन्नाच्या रकान्यातून येते. एकच आकडा दिसला आणि पट्टा दिसला नाही, तर तो तक्ता बाजूला ठेवा.

सगळे जग अमेरिकनांसारखे राहू लागले तर?

आज जगाची सरासरी माणशी वर्षाला सुमारे ७५ गिगाज्यूल, अमेरिकेची २८० च्या आसपास. १,००० कोटी लोकांना २८० म्हणजे २,८०० एक्झाज्यूल, आजच्या साडेचार पटींहून जास्त. दुसऱ्या टोकाला, २०२० मधल्या एका अभ्यासाने उत्तम तंत्रज्ञान आणि समान वाटप धरून चांगल्या जीवनमानाला माणशी १५ गिगाज्यूल अंतिम ऊर्जा पुरेल असे काढले; २०५० च्या लोकसंख्येला मिळून १४९ एक्झाज्यूल. तुलना करताना लक्षात घ्या, २८० हा प्राथमिक ऊर्जेचा आकडा आहे आणि १५ हा अंतिम वापराचा.

जुन्या अहवालांत टन-तेल-समतुल्य, क्वाड, पिंप अशी एकके येतात. रूपांतर कसे करावे?

१ एक्झाज्यूल म्हणजे २७७.८ टेरावॅट-तास, किंवा २.३९ कोटी टन तेल-समतुल्य. १ क्वाड म्हणजे १.०५५ एक्झाज्यूल. एका पिंपात साधारण ६.१ गिगाज्यूल, त्यामुळे रोज १० कोटी पिंपे म्हणजे वर्षाला सुमारे २२० एक्झाज्यूल. फसगत एकाच ठिकाणी होते: अमेरिकी सरकारी आकडे इंधनाचे उच्च उष्मांकमूल्य धरतात, आयईए निम्न. उच्च मूल्यात धुरातल्या वाफेची उष्णताही मोजलेली असते. नैसर्गिक वायूत हा फरक सुमारे १० टक्के, कोळशात ५ च्या आसपास. दोन अहवालांतले वायूचे आकडे नेमके दहा टक्क्यांनी हुकत असतील तर आधी हे तपासा.